निरोप फेब्रुवारीत, दाखला जूनमध्ये

जानेवारी सरत आला की वसई-विरारच्या शाळांत सेंड-ऑफचे दिवस सुरू होतात. वर्गणी नववीने काढायची, फळा नववीने रंगवायचा, समोसे-वेफर्सच्या डिशा नववीनेच भरायच्या. दहावीने फक्त नटून यायचं. साडी आईची, ब्लाउज शेजारच्या वहिनीचा, दोन्ही बाजूंनी टाके घालून बेताचा केलेला. मुलगे मोठ्या भावाचा फुलशर्ट इन करून येतात आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना बराच वेळ सुचत नाही.

मुख्याध्यापकांचं भाषण, वर्गशिक्षिकेचं भाषण, एका हुशार मुलीचं आणि एका वाह्यात मुलाचं मनोगत. वाह्यात मुलाचं नेहमी जास्त रंगतं, कारण त्याने पाठ केलेलं नसतं. आपण किती वेळा वर्गाबाहेर उभे राहिलो ते तो मोठ्या अभिमानाने सांगतो. बाई हसतात. मग त्याचाच आवाज फुटतो आणि मागच्या बाकावरचे मित्र जमिनीकडे बघायला लागतात.

एवढा निरोप घेऊन कुणी जात मात्र नाही. सराव परीक्षेचे पेपर परत मिळायचे असतात, तोंडी असते, प्रयोगवही तपासून घ्यायची असते, हॉलतिकीट यायचं असतं. डोळे पुसून घरी गेलेली मुलं दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर.

०

दरवर्षीची दहावी जाताना शाळेला काहीतरी देऊन जाते. जुन्या शाळेच्या व्हरांड्यातून नुसतं चाललं तरी गावाच्या ऐपतीचा इतिहास वाचता येतो. आधी भिंतीवरची घड्याळं, मग पाण्याचं स्टीलचं पिंप, मग पंखे, लोखंडी कपाट, भाषणाचा लाकडी स्टँड, अलीकडे वॉटर कूलर आणि प्रोजेक्टर. प्रत्येकावर ऑइलपेंटने 'इ. १० वी च्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट' आणि खाली साल.

पश्चिम पट्ट्यातल्या एका शाळेत एकाच भिंतीवर तीन घड्याळं पाहिली. चालू एकच होतं. उरलेली दोन का काढत नाही म्हणून शिपाईकाकांना विचारलं. म्हणाले, "ती पोरं कधीतरी येतात ना, पहिलं वर तेच बघतात."

०

शर्टावर सह्या घ्यायची पद्धत आता जुनी झाली तरी टिकून आहे. शेवटचा पेपर सुटला की फाटकाबाहेर स्केचपेनं निघतात. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर 'डोन्ट फरगेट मी', कॉलरवर फोन नंबर, खिशावर बदामात दोन अक्षरं, तीही कुणाची ते कळू नये अशी.

पण ज्या घरात धाकटा भाऊ सातवीत आहे, तिथे हा शर्ट अजून दोन वर्षं चालायचा असतो. आई सकाळीच बजावते. मग अशी मुलं पिशवीत घडी करून जुना, बगलेत उसवलेला शर्ट आणतात आणि पेपरनंतर तो घालून उभी राहतात.

०

दोन बॅचना हेही मिळालं नाही. मार्च २०२० मध्ये भूगोलाचा पेपर करोनामुळे आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. त्या मुलांचा शेवटचा पेपर कोणता होता हे त्यांना तो देताना माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी, २०२१ ला, दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. मग अकरावीसाठी २१ ऑगस्टला सीईटी घ्यायचं ठरलं आणि ती मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. अभ्यास केला, तोही वाया.

त्या वर्षीची मुलं आता पदवीपर्यंत पोचली. त्यांच्याशी बोलताना जाणवतं, की शाळा कधी सुटली याची तारीख त्यांना सांगता येत नाही.

०

आमच्या आजोबांच्या पिढीत अकरावी म्हणजे मॅट्रिक, आणि ती शाळेतच व्हायची. महाराष्ट्रात दहावीची बोर्डाची पहिली परीक्षा १९७५ साली झाली आणि अकरावी-बारावी हा नवा टप्पा मधे आला. ज्युनिअर कॉलेज या नावात कॉलेज आहे, पण परीक्षा शाळेच्याच बोर्डाची. कुठे ते शाळेच्या वरच्या मजल्यावर भरतं, कुठे पदवीच्या मोठ्या मुलांच्या शेजारी. पंधरा-सोळाच्या मुलाला एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं, आणि घरचे मात्र रोज डबा खाल्ला का ते विचारतात.

०

वसईत कॉलेज नव्हतं तोवर पुढे शिकायचं म्हणजे गाडी धरायची. विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ ला सुटली. सकाळी एक जाणारी, संध्याकाळी एक येणारी. विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ ला आली. पुढची कित्येक वर्षं इथल्या मुलाचं कॉलेज कोणतं हे त्याच्या गुणांइतकंच वेळापत्रकाने ठरवलं. मुलींच्या बाबतीत तर घरातली म्हातारी माणसं सरळ सांगतात, डोकं कितीही चालो, गाडीने एकटीला पाठवायचं का, यावर शिक्षण थांबायचं.

१९७१ ला विद्यावर्धिनीचं वर्तक कॉलेज वसई रोडला निघालं. पूर्ण नाव लिहायचं तर दोन ओळी लागतात: कला शाखा अण्णासाहेब वर्तकांच्या नावाने, वाणिज्य केदारनाथ मल्होत्रांच्या, विज्ञान ई. एस. अँड्रेडिस यांच्या. एका आवारात तीन नावं, तीन समाज. वसईची ओळख करून द्यायला एवढी पाटी पुरे. १९८४ ला वसई गावाकडे संत गोन्सालो गार्सिया कॉलेज आलं. विरारला विवा. या कॉलेजांचा नॅकचा दर्जा काय, कटऑफ किती, याची चर्चा खूप होते. पण मधल्या पिढीतल्या किती बायका केवळ घराजवळ कॉलेज निघालं म्हणून पदवीधर झाल्या, हे घरोघरी विचारलं तरच कळेल.

०

ज्यांचं नाव त्या कॉलेजला आहे, ते गोन्सालो गार्सिया हेही एका अर्थी दहावीच्या वयाला वसई सोडून गेलेले. जन्म वसईचा, साधारण १५५७ चा. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या हाताखाली शिकले आणि पंधराच्या आसपास वय असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर ठार मारलं. १८६२ ला चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

आज त्यांच्या नावाच्या कॉलेजात मुलगी रिक्षाने दहा मिनिटांत पोचते, आणि तिची आई गॅलरीतून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते.

०

निकालाचा दिवस आता दुपारी एकला मोबाइलवर. २०२५ ला तो १३ मे रोजीच लागला. राज्याचा ९४.१० टक्के, कोकण विभाग नेहमीसारखा पहिला, ९८.८२. आपला पालघर जिल्हा मुंबई विभागात येतो, तिथे ९५.८४.

निकालाआधी संकेतस्थळ गोल गोल फिरतं. चाळीत, इमारतीत, वाडीत सगळ्यांचं एकच: "तुझं उघडलं का?" उघडलं की आधी टक्के, मग इंग्रजी, मग गणित. मराठीचे गुण शेवटी बघतात. पेढ्यांचे बॉक्स निघतात. ऐंशी टक्केवालाही तोंड पाडून बसतो, कारण शेजारी ब्याण्णववाली असते.

आणि राज्यातले जे सहा टक्के राहिले, त्यांच्यासाठीही फेब्रुवारीत तेच समोसे होते, तेच भाषण होतं. पूर्वी त्यांना ऑक्टोबरची वाट बघावी लागे. २०१५ पासून पुरवणी परीक्षा पावसाळ्यातच होते, वर्ष वाचतं. गुणपत्रिकेवर आता 'नापास' असा शिक्काही बसत नाही. पण त्या दुपारी अशा मुलाच्या घरी फोन करणारे शिक्षक फार थोडे. जे करतात त्यांची नावं ती मुलं आयुष्यभर घेतात.

०

शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की बहुतेक मुलं तो प्लास्टिकच्या फोल्डरात सरकवून मोकळी होतात. वाचत कुणी नाही. वाचायला हवा.

रजिस्टर नंबर. पूर्ण नाव. आईचं नाव. मातृभाषा: इथे सगळ्यांचं 'मराठी', मग घरी कादोडी बोलोत, वाडवळी बोलोत की आगरी. जन्मस्थळ. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. पूर्वीची शाळा. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. वर्षभर वर्गाबाहेर उभा राहिलेल्या त्या वाह्यात मुलाचीही वर्तणूक 'चांगली'च. कारकून मामा सगळ्यांना सारखंच लिहितात, आणि तेच बरं आहे. शाळा सोडण्याचे कारण: एस. एस. सी. परीक्षा उत्तीर्ण. खाली निळा शिक्का, मुख्याध्यापकांची सही आणि दाखल्यात परस्पर बदल केल्यास कारवाई होईल ही तंबी.

जिल्ह्याचीही एक गंमत. वसई-विरार महानगरपालिका झाली ३ जुलै २००९ ला, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे २०२५ ला दहावी झालेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर जिल्हा ठाणे आणि शाळेच्या शिक्क्यावर पालघर. परगावच्या खिडकीवरचा माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवून वर बघतो.

आडनावांचं त्याहून अवघड. लोपीस की लोपेस? घोन्साल्विस की गोन्साल्विस? डिसोजा की डिसोझा? आधारवर एक, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं, शाळेच्या रजिस्टरात तिसरं. शाळेत नाव असेपर्यंत दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असते. एकदा दाखला बाहेर पडला की प्रतिज्ञापत्र, अर्ज, फेऱ्या. दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच एकदा रजिस्टरातली नोंद बघून घ्यावी, हा सल्ला मी भेटेल त्याला देते.

०

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश आमच्याकडे २००९ पासून. त्या वर्षी एस. एस. सी. बोर्डाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागांचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढच्या वर्षी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरायच्या 'बेस्ट फाइव्ह'वरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अकरावीचे वर्ग लांबले. मुलं कॉलेजात जायच्या आधी कोर्टाच्या बातम्या वाचायला शिकली.

सुरुवातीला माहितीपुस्तिका शाळेतूनच मिळायची, आत लॉगिन आयडी आणि पासवर्ड. फॉर्मचा पहिला भाग शाळेच्या नजरेखालून जायचा. चुकलं तर बाई ओरडायच्या, म्हणजे कुणीतरी ओरडायला होतं. २०२५ ला ऑनलाइन प्रवेशाची पद्धत अख्ख्या राज्याला लागू झाली. जव्हार-मोखाड्याच्या मुलालाही तेच संकेतस्थळ आणि विरारच्या मुलालाही तेच. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती, संकेतस्थळ पहिल्याच दिवशी बसलं आणि २६ मेपासून पुन्हा सुरुवात झाली. फॉर्म भरायचे शंभर रुपये. कॉलेजं किमान एक, जास्तीत जास्त दहा टाकायची. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. शिवाय त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांना दहा टक्के, व्यवस्थापनाला पाच, अल्पसंख्याक संस्था असेल तर त्या समाजाला पन्नास.

हे सगळं नियमात नीट लिहिलेलं आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीने आणि सातवी शिकलेल्या आईने ते वाचून समजून घ्यायचं असतं. पहिल्या नंबरला कॉलेज 'उगाच, बघू तरी' म्हणून टाकायचं नसतं, हे त्यांना कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं.

०

आमच्या शेजारची मुलगी फॉर्म भरायला आमच्याकडे आली. नोंदणीला नंबर वडिलांचा दिलेला, वडील रिक्षा घेऊन वसई स्टेशनबाहेर. ओटीपी त्यांच्या फोनवर. ते पॅसेंजर घेऊन निघालेले. ती फोन लावते, ते उचलत नाहीत. उचलतात तोवर ओटीपीची मुदत गेलेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी रिक्षा बाजूला घेतली आणि आकडे वाचून दाखवले, तर सहाच्या जागी नऊ ऐकू आला. तिसऱ्यांदा मागे बसलेल्या बाईंनीच फोन हातात घेऊन आकडे सांगितले आणि वर, "सायन्स घेतेस का गं?" असंही विचारलं.

"कॉमर्स," ती म्हणाली.

"चांगलंय," पलीकडून उत्तर आलं आणि रिक्षा सुरू झाल्याचा आवाज.

०

घरोघरी जूनमधला वाद एकच. पार्ल्याचं-अंधेरीचं नावाजलेलं कॉलेज की इथलं? गुण चांगले पडले की मामा-काका जमतात आणि एखाद्या मोठ्या कॉलेजचं नाव निघतं. त्या नावात चूक काही नाही. पण मुलगी अर्नाळ्याची असेल तर आधी बसने विरार स्टेशन, मग लोकल, मग पुन्हा चालणं, आणि संध्याकाळी हेच उलट. रोजचे चार तास यात जातात. अकरावीच्या मुलाला अभ्यासाला, खेळाला, नुसतं पडून राहायलाही वेळ लागतो.

माझं मत विचाराल तर अकरावी-बारावी घराजवळ करावी आणि पदवीला लांब जावं. दोन वर्षांनी तेच मूल गाडीला सरावतं, आपलं काय ते ओळखतं. गुणवत्ता यादीतलं शेवटचं नाव होऊन दमण्यापेक्षा जवळच्या कॉलेजात ताजं डोकं घेऊन बसलेलं बरं.

०

तरी ज्यांना जायचंच आहे ते जातात, आणि त्यांची खरी अकरावी विरार लोकलमध्ये होते. कॉलेजातून सही-शिक्क्याचा कन्सेशनचा कागद आणायचा, खिडकीवर रांग लावायची आणि आयुष्यातला पहिला पास काढायचा. तो पाकिटात कुठे ठेवायचा यावर दोन दिवस विचार.

मग बारकावे. नालासोपाऱ्याची माणसं जागा मिळावी म्हणून उलट विरारला जाऊन तीच गाडी घेऊन येतात. बायकांच्या डब्यात शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार?" विचारून सीट सांगून ठेवायची. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचं धाडस करायचं नाही, दार आपल्या बाजूला येईलच असं नाही आणि आलं तरी पोचता येईलच असं नाही. पश्चिम रेल्वेवर १९९२ ला सुरू झालेली लेडीज स्पेशल पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. तिच्यात वर्षानुवर्षं जाणाऱ्या बायका नव्या कॉलेजच्या मुलीला पहिला आठवडा ओरडतात आणि दुसऱ्या आठवड्यात तिची बॅग मांडीवर घेतात.

०

शाळेत सगळे ओळखायचे. गास, निर्मळ, नंदाखाल, पापडी, सांडोर, बोळिंज, आगाशी... गावातली शाळा म्हणजे बाईंना तुमचं अख्खं घर माहीत. "तुझ्या आईलाही मीच शिकवलंय, तिचंही बीजगणित असंच होतं," हे ऐकून घ्यावं लागायचं. डबा विसरला तर घरून कुणीतरी आणून द्यायचं.

ज्युनिअर कॉलेजच्या एका तुकडीत शंभराच्या वर मुलं. हजेरीत नंबर. पहिला महिनाभर सरांना एकाचंही नाव माहीत नसतं. ज्याचा शाळेत पहिल्या तिघांत नंबर होता त्याला हे जास्त लागतं. मागच्या बाकावरच्याला उलट हायसं वाटतं: मागचं काही कुणाला ठाऊक नाही, कोरी पाटी.

मराठी माध्यमातून आलेला सायन्सला बसला की पहिले दोन महिने तो फक्त उतरवून घेतो. सेमी इंग्रजीवाले जरा सावरलेले असतात. प्रश्न मनात मराठीत तयार असतो, पण हात वर जात नाही. दिवाळीनंतर जायला लागतो. दिवाळीपर्यंत धीर धरा, एवढंच अशा मुलांना सांगायचं असतं आणि ते सांगायला जवळपास त्यांच्या शाळेचं कुणी नसतं.

०

कॉलेजची एक गोष्ट मात्र शाळेला कधी साधली नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती; त्यानंतर पूर्वेला नालासोपारा, विरार किती वाढलं ते डोळ्यांना दिसतंच. पण पश्चिमेच्या वाडीतल्या मुलाचं दहावीपर्यंत तिकडे जाणं होतं ते फार तर जीवदानीच्या दर्शनाला. नालासोपाऱ्याच्या संतोष भुवनमधल्या मुलाला वसईत केळीच्या, पानवेलीच्या वाड्या आहेत हेच माहीत नसतं.

हे दोघे पहिल्यांदा शेजारी बसतात ते अकरावीत. एकाच्या डब्यात भाकरी आणि सुकट, दुसऱ्याच्या डब्यात लिट्टी. कँटीनमध्ये सगळे हिंदी बोलतात, दोन मित्र बाजूला जाऊन आपापल्या बोलीत भांडतात. नाताळच्या सुट्टीत नालासोपाऱ्याचा मुलगा मित्राच्या घरी वाडीत येतो, विहिरीत डोकावतो, सुकेळी चाखतो. वसई-विरार हे एक शहर आहे असं महानगरपालिकेची पाटी सांगते. ते खरं होतं असेल तर अशाच बाकांवर.

०

विज्ञान शाखेत आणखी एक प्रकार बोकाळला आहे. नाव कॉलेजात, मूल दिवसभर खाजगी क्लासमध्ये. कॉलेजशी संबंध प्रॅक्टिकलपुरता. फी दोन्हीकडे. अशी मुलं शाळा सोडतात आणि कॉलेजात पोचतच नाहीत. स्नेहसंमेलन, एन. एस. एस., लायब्ररीतला कोपरा, तास बुडवून किल्ल्यात फिरणं, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. मोठेपणी त्यांना कॉलेजच्या आठवणी विचारल्या तर क्लासच्या एसीबद्दल सांगतील.

०

पंचवीस वर्षांनी सगळे पुन्हा भेटतात. आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग राजोडी किंवा कळंबला एखादा रिसॉर्ट. एकाच रंगाचे टी-शर्ट. निवृत्त बाईंना गाडी पाठवून आणतात, शाल-श्रीफळ देतात. बाई जुनं हजेरीपुस्तक आठवून नावं घेतात, 'हजर' म्हणताना टक्कल पडलेल्या माणसांचे आवाज दहावीचे होतात.

हजेरीत काही नावांना उत्तर येत नाही. "तो कुठे असतो रे?" बाई विचारतात. कुणालाच माहीत नसतं. दहावीनंतर दिसलाच नाही, एवढंच.

०

तो कुठे गेला असेल याचा अंदाज आजच्या मुलांकडे बघून करता येतो. वसईची पूर्व बाजू: पेल्हार, शिरसाड, मांडवी, उसगाव, भाताणे. डोंगराच्या पायथ्याचे पाडे. मोफत शिक्षणाचा कायदा चौदा वर्षांपर्यंत बरोबर असतो, शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंत. दहावीपर्यंत बाई-सर धरून ठेवतात. पुढे कुणीच नाही. जूनमध्ये तानसा नदीला पाणी चढलं की पांढरतारा, मेढे इथले पूल पाण्याखाली जातात आणि कॉलेजच्या पहिल्या यादीचे दिवस नेमके तेव्हाच असतात.

मार्चमध्ये पेपर संपतो. घरचे वीटभट्टीवर असतात, मूल तिथे जातं. मेमध्ये निकाल लागतो, पास होतं. ऑनलाइन फॉर्म, दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बसचं भाडं. यातल्या कुठल्या तरी एका पायरीवर ते थांबतं. त्याला कुणी काढलेलं नसतं, ते नापासही नसतं. शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव 'परीक्षा उत्तीर्ण' म्हणून बंद झालेलं असतं आणि कॉलेजच्या रजिस्टरात ते उघडलेलंच नसतं. दोन्ही कार्यालयांचा हिशेब बरोबर.

०

म्हणून इथल्या शाळांना एक विनंती. सेंड-ऑफ फेब्रुवारीत करता तर खुशाल करा. साड्या, समोसे, भाषणं, सगळं करा, त्या वयाला ते हवंच असतं. पण निकाल लागल्यापासून पहिली यादी लागेपर्यंत शाळेतली एक खोली, एक संगणक आणि एक शिक्षक दहावीच्या जुन्या मुलांसाठी मोकळा ठेवा. ओटीपीसाठी कुणाचा फोन हाताशी आहे ते आधी विचारा. माजी विद्यार्थी संघ पंखे देतात, त्यांनी एखाद्या वर्षी पाड्यावरच्या मुलांचा कॉलेजपर्यंतचा बसपास द्यावा.

आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी दहावीची हजेरी समोर घेऊन बसावं. प्रत्येक नावापुढे कॉलेज, आयटीआय किंवा कामाचं ठिकाण लिहावं. ज्या नावापुढे काही लिहिता येणार नाही, त्या घरी जाऊन यावं.